सर, अर्थ बरोबर नाही

एखादी गोष्ट मला ऐकू येते म्हणजे ती आहे, असे म्हणता येईल काय? आणि दुसऱ्याला जे जाणवते ते मला जाणवत नाही, म्हणून ते नाही, असे म्हणता येईल काय? पहिला प्रश्न मी धारवाडला एम. ए. करीत असताना परीक्षेपुरता सोडवला होता. दुसरा प्रश्न त्या प्रश्नपत्रिकेत नव्हता. तो गेल्या उन्हाळ्यात बेळगावात, आमच्या अण्णांच्या घरी, वॉशिंग मशीनच्या शेजारी मला भेटला.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. पुढची माझी फी, धारवाडच्या खाणावळीचे पैसे, मुलाखतीला जाताना घातलेला शर्ट, सगळे अण्णांच्या बँकेतील कारकुनीतून आले. मी आज मुख्याध्यापक आहे, छप्पन्न वर्षांचा आहे, पण त्यांच्यासमोर खुर्चीवर नीट टेकून बसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात कोणी कोणाला काय सांगू शकत नव्हते, याला महत्त्व आहे.

अण्णांना गाण्याचे वेड लहानपणापासूनचे. खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो लावल्यावर तापायला वेळ घ्यायचा, आणि आवाज येण्याआधी त्यातून एक जाडसर घूं यायची. अण्णा प्लग काढून उलटा करून बसवत. दोन पिनांचा प्लग, उलटासुलटा कसाही बसायचा. एका बाजूने घूं जास्त, दुसऱ्या बाजूने कमी. पिठाची गिरणी सुरू झाली की धारवाड केंद्र घरघरीत बुडून जायचे आणि अण्णा गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. विजेचा आणि सुरांचा काही संबंध आहे, हे ज्ञान मला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून नव्हे, त्या प्लगातून झाले.

निवृत्तीनंतर अण्णांनी टिळकवाडीतील घराच्या मधल्या खोलीत होम थिएटर बसवले. पाच स्पीकर, एक सबवूफर. चित्रपटांसाठी नव्हे, त्यांना बैठकींची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायची होती. कुमार गंधर्व हे त्यांचे दैवत. कुमारांचा जन्म १९२४ साली इथल्याच सुळेभावीचा, आणि पुढचे आयुष्य गेले देवासला. सीमेवरच्या माणसाला सूर मिळाला की राज्य कोणते हा प्रश्न उरत नाही, हे अण्णांचे आवडते वाक्य. पण संच बसल्यापासून त्यांची एकच तक्रार. गाणे थांबले, गायकाने श्वास घेतला, की मागे घूं. ‘‘काळी एकचा तानपुरा लावलाय, आणि हे मेलं तीव्र मध्यमाजवळ चिकटून बसलंय,’’ असे ते म्हणत.

त्यांच्या कानाला मी नावे ठेवणार नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते, आणि उपकरणात ती सरळ करून घेताना तिची शंभरची लाट शिल्लक राहते. शंभर कंपने म्हणजे पेटीवरच्या खर्जातल्या पांढऱ्या पाचच्या किंचित वर. काळी एकला षड्ज धरला तर तो तीव्र मध्यमच, जरा चढा. आणि हा सूर बेळगावचा एकट्याचा नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका तालात आले. तेव्हापासून कर्नाटकातल्या पंख्याची घूं आणि महाराष्ट्रातल्या पंख्याची घूं एकाच पट्टीत आहे. सीमाप्रश्न सुटला नाही, पण हे झाले. (पोलिसी प्रयोगशाळांत या घूंचा पुराव्यासाठी उपयोग करतात म्हणे काय, करतातच. तिची कंपने क्षणोक्षणी किंचित हलतात. ध्वनिफितीत उतरलेली ती हालचाल जाळ्याच्या नोंदीशी ताडून फीत केव्हाची हे ठरवता येते. म्हणजे ज्याला आपण गोंगाट म्हणतो तो साक्षही देत असतो.)

एका मोठ्या शहरातला दुकानदार अण्णांना भेटला. त्याने सांगितले, संच उत्तम आहे, वीज घाणेरडी आहे. ‘घाणेरडी वीज’ हा शब्द त्या धंद्यात रूढ आहे. उपाय दोन. अडतीस हजारांचा पॉवर कंडिशनर आणि चौदा हजारांची, मनगटाएवढी जाड, दीड मीटरची वायर. अण्णांनी दोन्ही घेतले. मला बोलावणे आले. दिवे मंद केले, आणि बैठक सुरू झाली. 

‘‘ऐकलंस? तानपुरा मोकळा झालाय. जवारी दिसायला लागलीय.’’

मी डोळे मिटून ऐकले. आणि वाचकहो, मला खरोखरच ऐकू आले. तानपुरा मोकळा झाला होता, घूं मागे सरली होती. मी त्यांचे मन राखण्यासाठी ‘हो’ म्हटले नाही. तसे असते तर गोष्ट सोपी होती. मला ऐकू आले म्हणून ‘हो’ म्हटले.

त्याच वेळी वहिनी चहा घेऊन आल्या. जाता जाता म्हणाल्या, ‘‘घूं तर तेवढीच आहे की.’’ 

आम्ही दोघे हसलो.

मे महिन्यात पुतण्या बेंगळुरूहून सुटीवर आला. त्याने वायरची किंमत ऐकली आणि वडिलांना सरळ काही न बोलता एक खेळ सुचवला. आपण दोघे संचाकडे पाठ करून बसायचे. तो नाणे उडवणार. छाप आला तर नवी वायर आणि कंडिशनर, काटा आला तर दुकानात तीनशे रुपयांना मिळते ती साधी वायर थेट भिंतीच्या बोर्डात. प्रत्येक वेळी तीच दोन मिनिटांची फीत, तोच आवाज. आम्ही कागदावर लिहायचे, कोणती. दोन संध्याकाळी मिळून सोळा वेळा झाले. अण्णांचे नऊ बरोबर आले, माझे सात. नुसते नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तरी आठाच्या आसपासच आली असती.

मला विशेष वाटले ते आकड्यांचे नाही. उत्तरे लिहिताना मला एकदाही शंका आली नव्हती. चुकलेल्या नऊ वेळांनाही मला फरक स्वच्छ ऐकू आला होता.

याबाबतीत आम्ही दोघे भाऊ काही जगावेगळे नव्हतो. १९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथील प्राध्यापक ब्लाँद्लो यांनी एन-किरण नावाचे नवे किरण शोधल्याचे जाहीर केले. अंधाऱ्या खोलीत एक अंधुक ठिणगी किंवा चमकणारा पडदा या किरणांनी किंचित उजळतो, असे ते डोळ्यांनी पाहत. मागोमाग इतर अनेक शास्त्रज्ञांनाही तो उजेड दिसू लागला. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वूड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. प्रयोग चालू असताना त्यांनी अंधारात उपकरणातला अ‍ॅल्युमिनियमचा लोलक हळूच काढून घेतला. ज्याच्यामुळे किरण पसरतात असे सांगितले जात होते, तोच लोलक. पाहणाऱ्याला किरण पहिल्यासारखेच दिसत राहिले. ब्लाँद्लो लबाड नव्हते. विजेच्या वेगासंबंधीचे त्यांचे आधीचे काम नावाजलेले होते. त्यांनी पाहिले ते प्रामाणिकपणे पाहिले. प्रामाणिकपणा आणि खरेपणा या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे वर्गात सांगायला सोपे जाते. स्वतःच्या कानाबद्दल मान्य करणे कठीण.

गौतमाने न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते ‘अव्यभिचारी’ असावे अशी अट घातली आहे, म्हणजे पुढे खोटे पडता कामा नये. नुसता इंद्रियाचा विषयाशी संबंध आला एवढ्याने भागत नाही. मृगजळाचेही डोळ्यांना ज्ञान होतेच. मी हे तीस वर्षांपूर्वी पाठ केले होते. चौदा हजारांच्या वायरीने ते शिकवले. 

कंडिशनर आणि वायर विकणाऱ्यावरही अन्याय नको. विजेने आवाजावर काहीच परिणाम होत नाही असे कोणी म्हणेल तर तेही खोटे. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची कुरकुर रेडिओत उतरते. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची वीज गोलाईदार लाटेची नसून चौकोनी कापलेली असते; तिच्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो हे कोणीही ऐकावे. दाब घटला तर जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरची कमाल ताकद घटते. २३० चे २०७ व्होल्ट झाले तर ती एकोणीस टक्क्यांनी उतरते; पण कानाच्या हिशेबात तो फरक एका डेसिबलहूनही कमी, आणि तोही आवाज पूर्ण सोडलात तर. रात्री हळू आवाजात बैठक ऐकणाऱ्या अण्णांना त्याचा स्पर्शही नाही. शिवाय पहिल्या पावसाच्या विजा कडाडतात तेव्हा कंडिशनरमधला दाब अडवणारा भाग संच वाचवू शकतो. तेवढ्याला अडतीस हजार फार झाले, इतकेच. वायरबद्दल मात्र काही बोलवत नाही. कुठल्या तरी धरणापासून डोंगर, शिवारे, उपकेंद्रे, गल्लीतले खांब आणि भिंतीतली साधी तार ओलांडून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये शुद्ध होते, ही कल्पना काशीयात्रेसारखी आहे. तिथे श्रद्धेची जागा आहे, व्होल्टमीटरची नाही.

खेळाचा निकाल मी अण्णांना सांगावा की नाही, यावर माझी दोन दिवस झोप उडाली. पुतण्या म्हणाला, काका, तुम्हीच सांगा. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक बऱ्या गोष्टीच्या मुळाशी ज्यांचा पगार आहे, त्या माणसाला म्हातारपणी मिळालेला एक आनंद खोटा आहे, हे मी सांगायचे. आनंद तर खरा होता ना? त्यांना तानपुरा मोकळा ऐकू येत होता. कोणाचे नुकसान होत होते? बावन्न हजार गेले ते गेले. ते सत्य सांगून परत येणार नव्हते. मी ठरवले, सांगायचे नाही. भ्रम निरुपद्रवी असेल तर तो फोडण्याचा अधिकार कोणाला, असा एक छोटा निबंधही मनात तयार झाला. तोच कदाचित आपण या अंकात वाचला असता.

तेवढ्यात वायरमन आला.

तो माझाच माजी विद्यार्थी. शेवटच्या बाकावरचा, दहावीला दोनदा बसलेला. त्याच्याच्याने काही होणार नाही, असे मी एकदा भर वर्गात म्हणालो होतो. आज त्याच्या हाताखाली चार मुले आहेत. घरी आई कन्नड, वडील मराठी. त्याच्या तोंडी दोन्ही एकाच वाक्यात येतात. बोलावले होते पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावरचा एक पॉइंट दुरुस्त करायला. खोलीत शिरताच त्याने घूं ऐकली, सबवूफरवर हात ठेवला, आणि आम्हा दोघांकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

‘‘काकू, तुम्हाला कुठं शॉक बसतोय काय हो? मशीनला, फ्रीजला?’’

वहिनी हातातले काम ठेवून बाहेर आल्या. ‘‘बसतो म्हणजे? दोन वर्षं झाली ओरडायलेय मी. मशीनला ओला हात लावला की बोटांत झिणझिण्या येतात. कुणी ऐकतंय काय?’’

हे खरे होते. दोन वर्षे त्या सांगत होत्या, आणि मीही ते ऐकले होते. अण्णांनी टेस्टर लावून पाहिला होता. मी स्वतः एका रविवारी मशीनला हात लावून पाहिला होता. काही जाणवले नव्हते. अण्णा म्हणाले होते, वय झालं, वाताचं असेल. डॉक्टरांकडून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या होत्या. ‘‘कधी येतात, कधी येत नाहीत, म्हणजे भासच,’’ असे मी म्हणालो होतो, आणि ते म्हणताना माझा आवाज मुख्याध्यापकाचा झाला असणार.

वायरमनने मीटर काढला. एक टोक न्यूट्रलला, दुसरे अर्थच्या भोकात. आकडा नीट असेल तर दोनचार व्होल्ट यायला हवा. आला अकरा. मग त्याने सेट-टॉप बॉक्समध्ये येणारी केबलची तार काढली. आकडा चढत नव्वदजवळ गेला. तार परत लावली; खाली. काढली, वर. तीनदा करून दाखवले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘सर, अर्थ बरोबर नाही. अर्थ सरि इल्ला.’’

कन्नडातही अर्थ म्हणजे अर्थच. शेवटच्या बाकावरून आलेले हे वाक्य मी बराच वेळ तसाच उभा राहून ऐकत होतो.

प्रकार असा होता. वॉशिंग मशीन, फ्रीज, संगणक यांच्यातून अगदी थोडी वीज गळून अर्थच्या तारेत जाते. ती जमिनीत जावी म्हणूनच ती तार असते. तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा लांब ठेवतात ती याचसाठी, की प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी अंगणात फरशा घातल्या, तेव्हा कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेला. त्यात कोणी पाणी ओतेना. लोखंडी तार गंजून तुटली. आता घरभरच्या अर्थच्या तारा एकमेकींना जोडलेल्या, पण जमिनीला कुठेच नाहीत. गळलेली वीज बाहेर जायला वाट शोधू लागली. एक वाट होती अण्णांच्या सबवूफरमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे, तिथून सेट-टॉप बॉक्समधून केबलच्या जाळीतून बाहेरच्या खांबाकडे. त्या वाटेने ती जाताना स्पीकरात घूं होत होती. दुसरी वाट होती ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या वहिनी.

आणि ‘कधी येतात, कधी येत नाहीत’ याचेही उत्तर तिथेच मिळाले. अण्णा फार जपणारे. रात्री ऐकणे संपले की विजा पडतील या भीतीने संचाचे सगळे प्लग आणि केबलची तारसुद्धा काढून ठेवत. सकाळी वहिनी कपडे धुवायला घेत, तेव्हा पहिली वाट बंद असे. मी रविवारी हात लावून पाहिला तेव्हा आमची बैठक चालू होती. मला काही जाणवले नाही, कारण त्या वेळी ती वीज माझ्यासमोर घूं करीत होती.

जो प्रवाह अण्णांच्या कानाला बोचत होता, तोच वहिनींच्या बोटांना. कानाच्या तक्रारीवर बावन्न हजार खर्च झाले आणि दुकानदार, पुतण्या, दोन संध्याकाळी, सोळा नाणी, एवढा विचार झाला. बोटांच्या तक्रारीवर गोळ्या.

वायरमनने सांगितलेले आकडे मी नंतर पुस्तकात ताडून पाहिले. हजारांश अँपियरच्या आसपास माणसाला झिणझिण्या कळतात. दहाच्या पुढे गेले की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. तीस हजारांश गळती होताच वीज तोडणारे यंत्र, ज्याला सर्वजण ईएलसीबी म्हणतात, त्या घरात नव्हते. मशीनच्या आतले वेष्टण एखाद्या दिवशी फाटले असते, तर अर्थ तुटलेला असल्याने साधा एमसीबी पडला नसता. बाकीचे लिहीत नाही. अण्णांना ते मी न सांगताच कळले. ते पलंगाच्या कडेला बसून राहिले.

न्यायदर्शनात चार प्रमाणे आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो. भाष्यकार वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू आहे. दीड हजार वर्षांच्या आसपासचा हा उदारपणा मी विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगत असे. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. वहिनी दोन्ही अर्थांनी आप्त होत्या. मशीनला रोज ओला हात त्यांचाच लागत होता. खोटे सांगण्यात त्यांचा काडीचा लाभ नव्हता. घूं तेवढीच आहे, हेही सोळा नाण्यांआधी त्यांनीच सांगितले होते. त्यांना वायरची किंमत ठाऊक नव्हती, म्हणून त्यांचा कान मोकळा होता.

मग आम्हाला त्यांचा शब्द प्रमाण का वाटला नाही? त्यांच्या सांगण्याला ‘तीव्र मध्यम’ असे नाव नव्हते, हे एक. अण्णांची तक्रार रसिकाची होती, त्यांची तक्रार कामाची. पण मला वाटते याहून वाईट कारण आहे. मी हात लावून पाहिला होता. माझे प्रत्यक्ष आणि त्यांचे प्रत्यक्ष यांत विरोध आला, तेव्हा एका रविवारी एकदाच पाहिलेले माझे प्रत्यक्ष मी प्रमाण मानले आणि दोन वर्षे रोज आलेले त्यांचे प्रत्यक्ष भास. तपासायला हवे होते ते दोन्ही. माझा कान मी तपासला तो पुतण्याने तपासायला लावला म्हणून. इंग्लंडमधील विचारवंत मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली एक सबंध पुस्तक लिहिले ते याच अन्यायावर: सांगणारा कोण आहे एवढ्यावरून त्याच्या सांगण्याचे वजन कमी धरणे. पुस्तक मी वाचले होते. अधोरेखितही केले होते.

आणि निरुपद्रवी भ्रमावरच्या माझ्या निबंधाचे काय झाले? अण्णांचा भ्रम कोणाला बाधत नाही, असे मी धरून चाललो होतो. पण घूं गेली असे आम्हा दोघांना ऐकू येऊ लागले, त्याच दिवशी घूं कुठून येते हे शोधण्याचे थांबले. तो आवाज घरातल्या एका दोषाची साक्ष देत होता. आम्ही तो पैसे देऊन ऐकू येईनासा केला, प्रत्यक्षात न घालवता. वायरमन त्या दिवशी वरचा पॉइंट करून परस्पर गेला असता, तर? खोटा आनंद कोणाच्या वाटेत उभा आहे हे आनंदात असलेल्याला दिसत नाही, आणि त्याच्या ऋणात असलेल्या धाकट्या भावाला तर त्याहून नाही. म्हणून मी आता तेवढ्या खात्रीने असे म्हणू शकत नाही की अमुक भ्रम निरुपद्रवी आहे. एखादा असेलही. पण हे ठरवताना ज्याला तो भ्रम झालेला नाही, त्याला आधी विचारावे लागेल.

सोमवारी शाळेत गेलो. प्रार्थनेच्या वेळी आमचा शिपाई माइक माझ्यासमोर ठेवताना नेहमी रुमालाने धरतो. गेल्या पावसाळ्यात तो म्हणाला होता, ‘‘सर, माइक चावतोय.’’ शिक्षकखोलीत त्यावर बरेच विनोद झाले. त्यातला एक माझा होता. चप्पल घालून धरत जा, असा सल्लाही मी दिला होता. मी स्वतः बूट घालून बोलतो, मला कधी चावला नव्हता. प्रार्थना झाल्यावर मी वायरमनला फोन केला. शिपायाने रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि काही बोलला नाही.

अण्णांच्या अंगणातल्या चार फरशा उखडल्या. नवा खड्डा, नवा पाइप, तांब्याची पट्टी. बोर्डात ईएलसीबी बसला. सगळे मिळून साडेनऊ हजार झाले. मीटरवर दीड व्होल्ट आला. वहिनींनी ओल्या हाताने मशीनला हात लावला, परत लावला, आणि काही न बोलता कपडे घातले. मधल्या खोलीतली घूं बरीचशी गेली, थोडी राहिली. वायरमनने केबलच्या तारेत दीडदोनशे रुपयांचा एक छोटा अडसर बसवला, तेव्हा तीही गेली. फक्त एका जुन्या फितीत ती अजून आहे. ती मात्र त्या बैठकीच्या वेळच्या सभागृहातली वीज आहे, ध्वनिमुद्रणातच उतरलेली. तिला कोणाचा इलाज नाही, आणि अण्णांची आता तक्रारही नाही.

जाड वायर त्यांनी काढलेली नाही. खेळाचा निकाल पुतण्याने जाण्यापूर्वी कागदासकट त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यांनी तो पाहिला आणि पंचांगात घालून ठेवला. परवा गेलो होतो. तीच फीत लावली होती. तानपुरा सुरू झाला. अण्णांनी डोळे मिटले.

‘‘काही म्हण, वायरने फरक पडतोच. ऐकू येतोय ना तुला?’’

आतून वहिनींचा आवाज आला, ‘‘भावजी, खरं सांगा हं.’’

मी म्हटले, ‘‘नाही अण्णा. मला नाही येत.’’

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मग उठून आवाज थोडा वाढवला, आणि वहिनींना हाक मारली, ‘‘अगं, तू ये बघू इकडं. बस जरा. तू सांग.’’